बोहाड्याची स्वभूमी : परंपरा मूळ स्थानाबाहेर नेण्याच्या प्रश्नाचा विचार

१

परंपरेने एखाद्या स्थानाशी जोडला गेलेला उत्सव, खेळ अथवा समारंभ त्याच्या मूळ भूमीबाहेर न्यावा की नेऊ नये, हा प्रश्न वरवर पाहता केवळ सोयीचा व खर्चाचा वाटतो. वस्तुतः तो इतिहासाचा प्रश्न आहे. 'मूळ भूमी' हा शब्द आपण जितक्या सहजपणे उच्चारतो, तितक्या सहजपणे तिची सीमा दाखविता येत नाही. ती सीमा राज्याची असते, भाषेची असते, जमिनीच्या जातीची असते की एखाद्या गावच्या देवीच्या मांडवाची असते, याचा निर्णय झाल्यावाचून 'बाहेर नेणे' या शब्दप्रयोगाला निश्चित अर्थच प्राप्त होत नाही.

पालघर जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा या डोंगराळ तालुक्यांत चालत आलेल्या बोहाड्याच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार करण्याचे येथे योजिले आहे. बोहाड्यातील सोंगे अलीकडे शहरांतील महोत्सवांच्या व्यासपीठांवर नाचविली जातात. त्यामुळे बोहाडा गावाबाहेर न्यावा काय, हा प्रश्न आता केवळ तात्त्विक राहिलेला नाही. तुलनेसाठी दोन उदाहरणे घेतली आहेत : ब्रिटनमधील गोल्फची खुली अजिंक्यपद स्पर्धा आणि आपले मराठी साहित्य संमेलन. एक खेळ, एक वाङ्मयीन मेळावा आणि एक देवीचा उत्सव, अशा या तीन गोष्टी जातीने भिन्न आहेत हे खरे. तथापि तिन्हींच्या बाबतीत 'हे येथले आहे, बाहेर न्यावे काय?' हा एकच प्रश्न विचारला गेला, आणि पहिल्या दोहोंनी त्याला दिलेली उत्तरे तिसरीच्या विचारास उपयोगी पडण्यासारखी आहेत.

२

बोहाडा म्हणजे मुखवट्यांचा रात्रोत्सव. होळी सरली की पावसाळ्यापूर्वीच्या महिन्यांत गावोगावी निरनिराळ्या दिवशी तो होतो. लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे रंगविलेले मुखवटे धारण करून एकेक सोंग मशालींच्या उजेडात, संबळ व सनईच्या तालावर, गावच्या वाटेने नाचत देवीच्या मांडवापर्यंत येते. आरंभी गणपती व सरस्वती येतात. पुढे रामायण-महाभारतातील आणि पुराणांतील पात्रे येतात. रावण येतो, नृसिंह येतो. आणि शेवटी देवी व महिषासुर यांचे युद्ध होते. मोखाड्याचा जगदंबेचा उत्सव या परंपरेतील विशेष प्रसिद्ध होय.

या उत्सवाच्या घडणीतील तीन गोष्टी आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. पहिली ही की, सोंग हे व्यक्तीच्या हौसेचे नसून घराच्या मानाचे असते. अमुक सोंग अमुक घराण्याचे, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत येते. मुखवटा घरात जपला जातो आणि धारण करण्यापूर्वी त्याची पूजा होते. दुसरी ही की, त्यात आदिवासी व बिगर-आदिवासी अशा दोन्ही समाजांतील लोकांचा वाटा असतो. त्यामुळे गावातील परस्परसंबंधांची दर वर्षी एक उजळणीच होते. तिसरी गोष्ट काळाची. या तालुक्यांतील पुष्कळशी कुटुंबे भाताची कापणी झाल्यावर भिवंडी, वसई आदी भागांत वीटभट्ट्यांच्या व बांधकामांच्या कामासाठी स्थलांतर करतात. होळीच्या सुमारास माणसे गावाकडे ओढ घेतात, आणि त्यानंतरच बोहाड्याचे दिवस येतात. वर्षातील बराच काळ विखुरलेले गाव ज्या काळात पुन्हा एकत्र येते, त्याच काळात हा उत्सव बसविलेला आहे.

येथे एका शब्दाकडे लक्ष वेधावेसे वाटते. प्रमाण मराठीत 'सोंग' हा शब्द बहुधा निंदाव्यंजक झाला आहे. 'सोंग करतो' म्हणजे खोटेपणा करतो. याच्या उलट बोहाड्याच्या प्रदेशात 'आमच्या घरी अमुक सोंग आहे' हे अभिमानाचे वाक्य होय. एकच शब्द डोंगर उतरून शहरात आला की त्याची प्रतिष्ठा गळते. जी गोष्ट शब्दाच्या बाबतीत घडली, ती शब्दाने दाखविलेल्या वस्तूच्या बाबतीतही घडू शकेल, ही शंका पुढील विवेचनात मनाशी बाळगणे इष्ट ठरेल.

३

आता स्वभूमीच्या सीमेचा प्रश्न. बोहाड्याची भूमी म्हणून आपण जव्हार-मोखाडा हे नाव घेतो. परंतु इतिहासाने या जोडनावाला फार उशिरा एकत्र आणले आहे. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. चौदाव्या शतकात जयबा मुकणे यांनी त्याचा पाया घातला, असे परंपरा सांगते. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांनी जव्हार जिंकून घेतल्याची नोंद मराठ्यांच्या इतिहासात आहे. पुढे इंग्रजी अमदानीत हे संस्थान टिकून राहिले आणि १९४८ मध्ये यशवंतराव मुकणे यांच्या कारकिर्दीत ते मुंबई प्रांतात विलीन झाले. मोखाडा मात्र ब्रिटिश मुलखातील ठाणे जिल्ह्यात होता. म्हणजे शेजारच्या दोन डोंगरांवर दोन निरनिराळ्या राजवटी नांदत होत्या. पलीकडे सुरगाणा हे आणखी एक संस्थान होते. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली, तेव्हा डांग जिल्हा गुजरातेत गेला. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा झाला.

या सर्व काळात मुखवट्यांचा उत्सव सीमारेषांच्या दोन्ही बाजूंस होत राहिला. पालघर जिल्ह्यात तो आहे, नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम डोंगरपट्ट्यात आहे, आणि डांगातही आहे. कोठे त्याला बोहाडा म्हणतात, कोठे भोवाडा, कोठे भवाडा. 'भोवाडा' व 'बोहाडा' ही रूपे शेजारी ठेवून पाहिली तर असे दिसते की, एकात महाप्राणत्व आद्य व्यंजनावर आहे, तर दुसऱ्यात ते तेथून सुटून पुढच्या अक्षरात स्वतंत्र हकार होऊन बसले आहे. उच्चार असा बदलला, तरी एका गावचा मनुष्य दुसऱ्या गावच्या नावास परके मानीत नाही. कोकणा, वारली, महादेव कोळी इत्यादी समाजांच्या वस्तीचा व त्यांच्या बोलींचा जो पट्टा आहे, तोच स्थूलमानाने या उत्सवाचाही पट्टा आहे. राजकीय नकाशा त्याची स्वभूमी ठरवीत नाही, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

परंतु येथेच थांबता येत नाही. हा पट्टा विस्तृत असला, तरी बोहाडा एका गावाहून दुसऱ्या गावी जात नाही. मोखाड्याचा बोहाडा मोखाड्यास होतो. दुसऱ्या गावी त्या गावचा होतो. सिंधुदुर्ग व गोव्यातील दशावतारी मंडळी एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेस जातात, तमाशाचे फड गावोगाव हिंडतात. फिरणे हा त्या कलांचा धर्मच आहे. बोहाड्याचा तो नव्हे. तो पसरला आहे तो रोपासारखा, जेथे गेला तेथे रुजून. दुसऱ्या गावी त्याचे मानकरी वेगळे, मुखवटे वेगळे, दिवस वेगळा. तेव्हा परंपरा दूरवर जाण्याचे दोन प्रकार मानले पाहिजेत : एक फिरण्याचा, दुसरा रुजण्याचा. हा भेद नीट समजण्यासाठी आता परदेशातील उदाहरणाकडे वळू.

४

गोल्फच्या खुल्या अजिंक्यपद स्पर्धेचा आरंभ १७ ऑक्टोबर १८६० रोजी स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील प्रेस्टविक येथे झाला. आठ धंदेवाईक खेळाडूंनी बारा कुपांच्या मैदानाच्या तीन फेऱ्या एका दिवसात पुऱ्या केल्या आणि विली पार्क विजयी झाला. दुसऱ्याच वर्षी ही स्पर्धा साऱ्या जगास खुली असल्याचे जाहीर करण्यात आले. खेळाडू कोठलाही चालेल, परंतु मैदान प्रेस्टविकचे, अशी ही व्यवस्था पहिली बारा वर्षे होती. १८७० मध्ये धाकट्या टॉम मॉरिसने लागोपाठ तिसऱ्यांदा विजय मिळवून विजयचिन्ह असलेला चामडी पट्टा नियमानुसार कायमचा आपलासा केला. पट्टा उरला नाही म्हणून १८७१ मध्ये स्पर्धाच झाली नाही. १८७२ मध्ये प्रेस्टविक, सेंट अँड्र्यूज व एडिंबरो येथील तीन संस्थांनी मिळून नवे विजयपात्र देण्याचे ठरविले आणि स्पर्धा आळीपाळीने तीन ठिकाणी भरू लागली.

यानंतर स्वदेशाबाहेर जाण्याचा प्रसंग आला. १८९४ मध्ये ही स्पर्धा प्रथमच स्कॉटलंडच्या बाहेर, इंग्लंडमधील सँडविच येथे झाली आणि जे. एच. टेलर हा इंग्लिश खेळाडू जिंकला. १९५१ मध्ये ती उत्तर आयर्लंडातील पोर्टरश येथे गेली. त्यानंतर २०१९ व २०२५ मध्ये पुन्हा तेथे झाली. युनायटेड किंग्डमच्या बाहेर, आयर्लंड प्रजासत्ताकातील पोर्टमार्नॉक येथे ती न्यावी काय, याची चर्चाही अलीकडे झाली आहे. ब्रिटनची हौशी खेळाडूंची अजिंक्यपद स्पर्धा तर १९४९ व २०१९ मध्ये पोर्टमार्नॉक येथे भरलेली आहे. आज जे 'ही ब्रिटनची स्पर्धा, ब्रिटनमध्येच राहावी' असे म्हणतात, त्यांना इतिहासाचा साधा प्रतिप्रश्न असा की, ज्या देशात ती जन्मली त्या देशाची सीमा तिने १८९४ मध्येच ओलांडली नाही काय?

मात्र सीमा ओलांडताना एक गोष्ट तिने सोडली नाही. ही स्पर्धा सदैव 'लिंक्स' नावाच्या जमिनीवरच खेळली गेली आहे. लिंक्स म्हणजे समुद्र व शेती यांच्यामधील वाळूची, आखूड गवताची, उंचसखल पट्टी. उंचवटा या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दापासून हे नाव आले आहे. अर्थात या स्पर्धेची खरी स्वभूमी राष्ट्र नसून जमिनीची एक जात आहे. तशी जमीन पोर्टरशला आहे म्हणून स्पर्धा तेथे परकी ठरली नाही. लंडनच्या एखाद्या उद्यानात ती नेली असती, तर देश तोच असूनही ती परकी ठरली असती.

या इतिहासाला दुसरी बाजू आहे, आणि ती आपण विसरता कामा नये. जेथे स्पर्धा जन्मली त्या प्रेस्टविकने ती चोवीस वेळा भरविली. चोविसावी १९२५ मध्ये. त्या वर्षी प्रेक्षकांची गर्दी त्या जुन्या मैदानाला आवरली नाही, आणि त्यानंतर स्पर्धा तेथे पुन्हा गेली नाही. मसलबराचेही तसेच झाले. १८८९ नंतर तिकडे ती फिरकली नाही. सेंट अँड्र्यूजला मात्र ती वारंवार परत येते. परंपरा मोठी झाली की तिचे जन्मस्थान तिला अपुरे पडू लागते, आणि मग ज्यांनी ती जन्मास घातली तेच तिचे प्रेक्षक होऊन राहतात. फिरणाऱ्या परंपरेला ही किंमत मोजावी लागते.

५

आपल्याकडील उदाहरण साहित्य संमेलनाचे. १८७८ मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यास पहिले ग्रंथकार संमेलन भरले. १९०९ मध्ये ते बडोद्यास गेले, १९५४ मध्ये दिल्लीस, २०१५ मध्ये पंजाबातील घुमान येथे आणि २०२५ मध्ये पुन्हा दिल्लीस. महाराष्ट्राबाहेर गेल्याने संमेलनाचे संमेलनपण उणावले, असे कोणी म्हटल्यास ते पटणार नाही. कारण भाषेची भूमी म्हणजे तिचे बोलणारे लोक, आणि बडोदे किंवा दिल्ली येथे ते पूर्वीपासूनच होते.

परंतु देशाबाहेर जाण्याची वेळ आली तेव्हा वेगळा मार्ग निघाला. २००९ मध्ये अमेरिकेतील सॅन होजे, २०१० मध्ये दुबई व २०११ मध्ये सिंगापूर येथे जी संमेलने झाली, त्यांना 'विश्व मराठी साहित्य संमेलन' हे निराळे नाव देण्यात आले आणि त्यांची गणना मूळ क्रमांकांत केली गेली नाही. मूळ संमेलनाची मालिका अखंड राहिली आणि परदेशस्थ मराठी माणसाला त्याचे संमेलन लाभले. या मेळाव्यांच्या खर्चाविषयी व उपयुक्ततेविषयी मतभेद होते व आहेत. तथापि नाव वेगळे ठेवण्यात जे शहाणपण होते, ते मान्य करावयास हवे. नाव वेगळे ठेवणे म्हणजे वस्तू वेगळी आहे, असे प्रामाणिकपणे सांगणे होय.

६

आता बोहाड्याकडे परत येऊ. तो बाहेर नेण्याच्या बाजूने जो युक्तिवाद केला जातो, तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. जव्हार-मोखाड्याचे दारिद्र्य सर्वश्रुत आहे. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्राला हादरविले होते. ज्या प्रदेशात पोटासाठी दर वर्षी घरे बंद करून जावे लागते, तेथील कलावंतास शहरात चार दिवसांची बिदागी मिळत असेल, तर 'परंपरेसाठी घरी बसा' असे त्याला सांगण्याचा अधिकार अभ्यासकास कोणी दिला? 'सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही' ही म्हण येथे अक्षरशः लागू पडते.

या युक्तिवादाची कसोटी पाहण्यास वारली चित्रकलेचा इतिहास जवळचाच आहे. लग्नघराच्या गेरूने सारविलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने 'चौक' लिहिण्याचे काम सवाष्ण स्त्रियांचे. मध्यभागी पालघट देवी आणि सोबत धवलेरीची गाणी. १९७० नंतरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या प्रयत्नाने हे चित्र कागदावर आले. डहाणू तालुक्यातील गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांनी त्याला जगभर मान्यता मिळवून दिली. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. अनेक घरांना यामुळे उत्पन्नाचे साधन लाभले, हे निर्विवाद आहे. परंतु भिंतीवरून कागदावर येताना दोन फेरफार झाले. चौक लिहिणाऱ्या स्त्रियांची जागा प्रामुख्याने पुरुष चित्रकारांनी घेतली. आणि देवीच्या जागी शेती, शिकार, तारप्याचा नाच हे विषय मुख्य झाले. जे बाहेर गेले ते चौक नव्हे; चौकातून निघालेली ती एक नवी, स्वतंत्र व सुंदर कला होती. आणि चौक लग्नघराच्या भिंतीवरच राहिला.

हीच गोष्ट बोहाड्यास लावून पाहावी. जव्हार तालुक्यातील रामखिंडसारख्या गावी मुखवटे तयार करणारे कारागीर आहेत. त्यांचे मुखवटे विकत घेऊन शहरातील माणसे भिंतीवर टांगतात. त्यात बोहाड्याची हानी नाही, कारण विकलेला मुखवटा पूजेचा नसतो. त्याचप्रमाणे चार सोंगांचे अर्ध्या घटकेचे नृत्य व्यासपीठावर झाले, तर तेही हरकत घेण्याजोगे नाही. हरकत आहे ती त्या नृत्यास 'बोहाडा' म्हणण्यास. मानकरी घरे नाहीत, देवीचा मांडव नाही, रात्र नाही आणि परतून आलेले गाव नाही. तेव्हा जे उरते ते सोंगांचे नृत्य होय, बोहाडा नव्हे.

७

या विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, परंपरेची स्वभूमी कोणती, हे परंपरागणिक निराळे असते. गोल्फच्या स्पर्धेची स्वभूमी जमिनीची जात आहे, संमेलनाची भाषा बोलणारा समाज आहे आणि बोहाड्याची गाव आहे. म्हणून पहिल्या दोहोंना देशाची सीमा ओलांडता आली, तर तिसऱ्यास गावाची वेसही ओलांडता येत नाही. यात श्रेष्ठकनिष्ठतेचा प्रश्न नाही, घडणीचा आहे.

दुसरा निष्कर्ष निर्णयाच्या अधिकारासंबंधी आहे. १८७२ मध्ये स्पर्धा फिरती करण्याचा ठराव झाला, तो ज्यांची ती होती त्या संस्थांनी आपसांत केला. कोणी वरून लादला नाही. बोहाड्याच्या बाबतीत निमंत्रण बहुधा बाहेरून येते, आणि सोंगे कोणती, वेळ किती, दिवस कोणता, हेही बाहेरूनच ठरण्याचा संभव असतो. सोंगे बाहेर जावयाचीच असतील, तर कोणती जावीत व कोणती मांडवाखेरीज कोठेही उघडू नयेत, हे गावच्या मानकऱ्यांनी ठरवावे. आणि उत्सवाच्या दिवसांत कोणासही बाहेरचे निमंत्रण देऊ नये. देवीच्या रात्री मानकरीच परगावी असेल, तर बिदागीने त्या घरची उणीव भरून निघणार नाही. बाहेरच्या कार्यक्रमाला नावही निराळे असावे. विश्व संमेलनाने घालून दिलेला तो धडा आहे.

तिसरा निष्कर्ष प्रेस्टविकचा. परंपरेस केवळ बाहेर नेल्यानेच धोका पोहोचतो असे नाही; बाहेरचे जग तिच्याकडे लोटल्यानेही पोहोचतो. बोहाडा पाहण्यासाठी मोखाड्यास येणाऱ्या पाहुण्यांसाठी उत्सवाची वेळ अलीकडे ओढली, रात्रीचा कार्यक्रम संध्याकाळी उरकला, वाटेवर बसण्याच्या जागा राखून ठेवल्या, तर बोहाडा जागच्या जागी राहूनही परका होईल.

जव्हारचे संस्थान १९४८ मध्ये संपले, तरी तेथील दरबारी दसरा लोकांनी चालू ठेवला. राजा गेला, उत्सव राहिला. कारण माणसे राहिली. बोहाड्याविषयी चिंता करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. बोहाडा दिल्लीस जातो की नाही, यापेक्षा होळीनंतर वीटभट्टीवरून गावी परतणारी माणसे पुढेही परतत राहतील की नाही, हा अधिक मूलगामी प्रश्न आहे. ती परतली तर सोंगे आपल्या जागी उभी राहतील. ती परतली नाहीत, तर स्वभूमीत राहूनही मुखवटे पेटीतच राहतील.